वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (१५ मार्च १८६०, ओडेसा – २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू जिवाणुशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन रोगांवरील लसी त्यांनी तयार केल्या व त्यांचा मोठ्या प्रमाणावरील वापर भारतात केला. मुंबईतील परळ येथील हाफकिन इन्स्टिट्यूट ही संस्था त्यांनी स्थापन केलेल्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेतून वाढली. रोगजंतूंची उग्रता ही स्थिर गोष्ट नसून ती प्राण्यांच्या शरीरात वाढवता येते आणि प्रयोगशाळेत घटवताही येते, हे त्यांच्या पटकीविषयक संशोधनाचे मूळ सूत्र होते. या बदलामागे जिवाणूंच्या जनुकांतील उत्परिवर्तने असतात, हे विज्ञानाला त्यांच्या मृत्यूनंतर उलगडले.

बालपण व शिक्षण

हाफकिन यांचा जन्म काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे निधन ते लहान असतानाच झाले. शालेय शिक्षण बर्द्यान्स्क येथे पूर्ण करून १८७९ मध्ये त्यांनी ओडेसाच्या विद्यापीठात निसर्गविज्ञानाच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला. तेथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक इल्या मेचनिकॉव हे त्यांचे गुरू होते. रक्तातील पेशी जंतूंना गिळून टाकतात, हा सिद्धान्त पुढे मांडून नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच मेचनिकॉव होत.

विद्यार्थिदशेत हाफकिन झारशाहीविरोधी चळवळीकडे ओढले गेले. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हा ते ज्यूंच्या स्वसंरक्षण दलात सामील झाले आणि त्यांना अटक झाली. मेचनिकॉव यांनी त्यांच्या बाजूने शब्द टाकला. पदवीनंतर काही वर्षे त्यांनी ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम केले. ज्यू असल्यामुळे विद्यापीठातील अध्यापकपदाचे दार त्यांना बंद होते. धर्मांतर केल्यास ते उघडले असते, परंतु ती अट त्यांनी मान्य केली नाही. १८८८ मध्ये देश सोडण्याची परवानगी मिळाल्यावर ते स्वित्झर्लंडला गेले व जिनिव्हा विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञान शिकवू लागले.

पॅरिसमधील कार्य

१८८९ मध्ये हाफकिन पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. मेचनिकॉव तेथे आधीच रुजू झाले होते. संशोधकाची जागा रिकामी नसल्याने हाफकिन यांनी सहायक ग्रंथपालाचे काम पत्करले आणि उरलेल्या वेळात संशोधन सुरू ठेवले. १८९० मध्ये त्यांनी पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या केंद्रकात राहून त्याला आजारी करणाऱ्या जिवाणूंचे वर्णन प्रसिद्ध केले. हे जिवाणू होलोस्पोरा या नावाने आजही अभ्यासले जातात. त्यानंतर एमिल रू यांचे साहाय्यक म्हणून ते जिवाणुशास्त्राकडे पूर्णपणे वळले.

त्या काळी रोगजंतूंची उग्रता कशी बदलते, हा पाश्चर यांच्या संस्थेतील मध्यवर्ती प्रश्न होता. कोंबड्यांच्या पटकीचे जंतू जुन्या संवर्धनात ठेवले असता ते दुबळे होतात आणि अशा जंतूंची लस कोंबड्यांना रोगापासून वाचवते, हे लुई पाश्चर यांनी १८८० मध्ये दाखवले होते. १८८१ मध्ये मेंढ्या व गुरांच्या काळपुळी (अँथ्रॅक्स) या रोगावरील लसीचा त्यांचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला. तिच्या संशोधनात जंतू ४२ ते ४३ अंश सेल्सियस तापमानात वाढवून त्यांची उग्रता कमी करण्यात आली होती. रेबीजच्या बाबतीत याच्या उलट मार्ग वापरला गेला. रोगकारक एका सशातून दुसऱ्या सशात असा पुढे नेत गेल्यास त्याची उग्रता वाढत जाऊन अखेर एका ठरावीक पातळीवर स्थिरावते, असे दिसून आले होते.

हाफकिन यांनी हे दोन्ही मार्ग पटकीच्या जिवाणूंवर एकत्र वापरले. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात ओळखलेला हा स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू प्रयोगशाळेत लवकर दुबळा पडत असे. त्यामुळे त्याची मात्रा ठरवणे अवघड होते. हाफकिन यांनी जंतू गिनीपिगच्या उदरपोकळीत टोचले. प्राणी मेल्यावर तेथील द्राव काढून काही तास हवेत ठेवला व पुढील गिनीपिगला टोचला. अशा ३९ फेऱ्यांनंतर जंतूंची उग्रता मूळच्या सुमारे वीसपट झाली आणि ती स्थिर राहिली. दुसरीकडे ३९ अंश सेल्सियस तापमानात, हवेच्या सततच्या झोतात वाढवून त्यांनी दुबळा वाण मिळवला. आधी दुबळा वाण व काही दिवसांनी उग्र वाण टोचल्यास गिनीपिग, ससे व कबुतरे पटकीच्या घातक मात्रेपासून वाचत, असे त्यांना आढळले. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली व ३० जुलै रोजी निष्कर्ष पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे मांडले.

भारतात आगमन व पटकीची लस

लसीची खरी कसोटी पटकीच्या साथीतच लागणार होती. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत आणि भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यासाठी भारत सुचवला. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास पोहोचले. लसीकरणास आग्र्यापासून प्रारंभ झाला. १८९५ पर्यंत उत्तर भारत, बंगाल व आसाम या भागांत सुमारे ४२,००० लोकांना त्यांनी स्वेच्छेने लस दिली. सैनिक, तुरुंगातील कैदी आणि चहामळ्यांतील मजूर यांचा त्यात समावेश होता.

एकाच वस्तीतील लस घेतलेल्या व न घेतलेल्या लोकांची तुलना करणे, हे त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. १८९४ मध्ये कलकत्त्यातील कट्टल बागान या वस्तीत पटकीचे रुग्ण आढळल्यावर सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांना लस देण्यात आली. त्यानंतर उद्भवलेले सर्व रुग्ण लस न घेतलेल्यांपैकी होते. या कामात हाफकिन यांना संशय आणि विरोधही सहन करावा लागला. १८९५ मध्ये हिवतापाने प्रकृती ढासळल्याने ते इंग्लंडला गेले व १८९६ मध्ये परतले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांतच शहरातील लाखो लोक गावाकडे पळाले. प्लेगच्या जिवाणूचा शोध अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे लावला होता, परंतु लस उपलब्ध नव्हती. सरकारच्या विनंतीवरून हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील पेटिट प्रयोगशाळेच्या अपुऱ्या जागेत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या मदतीवर त्यांनी काम सुरू केले.

येथे त्यांनी पटकीच्या लसीपेक्षा वेगळी दिशा धरली. दुबळे पण जिवंत जंतू वापरण्याऐवजी त्यांनी जंतू भरपूर वाढवून उष्णतेने मारले. संवर्धनासाठी मांसरसात तुपाचे थेंब टाकले जात. तुपाच्या तवंगाखाली प्लेगचे जंतू खाली लोंबणाऱ्या धाग्यांसारखे वाढत. भांडे हलवले की धागे तळाशी जात व नवे वाढू लागत. हिंदू व मुसलमान या दोन्ही समाजांच्या भावना लक्षात घेऊन मांसरस बोकडाच्या मांसापासून बनवला जाई. संवर्धन सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सियस तापमानात एक तास तापवून त्यात कार्बॉलिक आम्ल मिसळले जाई. सशांवरील प्रयोगांनंतर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घनसेंमी लस टोचून घेतली. नेहमीच्या मात्रेच्या मानाने ही मात्रा बरीच मोठी होती. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस घेतलेल्यांमध्ये रोगाचे व मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी राहिले.

मुंबई इलाख्यातील परिस्थिती या काळात स्फोटक होती. घरांची सक्तीची झडती, रुग्णांना ओढून नेणे आणि सामान जाळणे या उपायांमुळे जनतेत संताप होता. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले, तर २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. अशा वातावरणात हाफकिन यांनी लसीची सक्ती न करता ती स्वेच्छेने घेऊ देण्याची भूमिका घेतली. तिसरे आगा खान यांनी जाहीरपणे लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. त्यामुळे खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले.

दमण या पोर्तुगीज वसाहतीत १८९७ च्या साथीत मोठी तुलना करता आली. हाफकिन यांनी प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२, तर लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ जण दगावले. बडोद्याजवळील उंधेरा गावात १८९८ च्या फेब्रुवारीत प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या व्यक्तींना लस देण्यात आली. एकाच घरातील, एकच अन्न खाणाऱ्या लोकांची तुलना झाल्याने हा प्रयोग विशेष महत्त्वाचा ठरला. तेथे लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३, तर न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ जण मरण पावले. १८९७ मध्ये हाफकिन यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पाठवण्यात आल्या.

मलकोवालची दुर्घटना

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल (आता पाकिस्तानात) या गावी १०७ जणांना प्लेगची लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला व ते सर्व मरण पावले. या १९ जणांना एकाच कुपीतील लस टोचलेली होती. त्या दिवशी वापरलेल्या इतर कुप्यांमुळे कोणाला अपाय झाला नाही. ही कुपी ४१ दिवसांपूर्वी मुंबईत भरलेली होती. मागणी वाढल्यामुळे परळच्या प्रयोगशाळेत लस बनवण्याच्या पद्धतीत बदल करून कार्बॉलिक आम्लाचा वापर थांबवण्यात आला होता. त्यामुळे संशयाची सुई प्रयोगशाळेकडे वळली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने कुपी भरतानाच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले व १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले. आयोगाचा अहवाल १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावा पुन्हा तपासला तेव्हा वेगळे चित्र पुढे आले. कुपी उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू ४१ दिवस कुपीत वाढत राहिले असते, तर लसीला दुर्गंधी आली असती व भरपूर विष साठल्याने लक्षणे फार लवकर दिसली असती. प्रत्यक्षात कुपी उघडताना वास आला नव्हता आणि लक्षणे सुमारे आठवड्याने दिसली. हे दोन्ही मुद्दे कुपी गावातच दूषित झाल्याकडे बोट दाखवत होते. हिवतापाच्या प्रसाराचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांच्या बाजूने सातत्याने लिहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्स या दैनिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हाफकिन दोषमुक्त झाले.

उत्तरायुष्य

हाफकिन पुन्हा भारतात आले, परंतु मुंबईची जागा त्यांना परत मिळाली नाही. त्यांची नेमणूक कलकत्त्याच्या प्रयोगशाळेवर झाली आणि त्यांचे काम मुख्यतः सैद्धान्तिक संशोधनापुरते मर्यादित राहिले. नवीन लसींच्या मोठ्या चाचण्या घेण्याची संधी त्यांना मिळाली नाही. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते युरोपात परतले. पुढील काळात ते ज्यू धर्माच्या अभ्यासाकडे व आचरणाकडे अधिक वळले. ते अविवाहित होते. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी लोझान येथे काढली. पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांतील शिक्षणासाठी त्यांनी आपल्या संपत्तीचा निधी स्थापन केला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

उग्रता व उत्परिवर्तने

हाफकिन यांच्या काळात जिवाणूंना जनुके असतात, हे ज्ञात नव्हते. प्राण्याच्या शरीरात राहून जंतूंना उग्रतेची सवय लागते, अशीच तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. १९४३ मध्ये साल्व्हादोर लुरिया व माक्स डेलब्रुक यांनी दाखवले, की जिवाणूंतील उत्परिवर्तने गरज निर्माण होण्याआधीच यदृच्छेने घडतात व परिस्थिती त्यांतून निवड करते. या दृष्टीने पाहता गिनीपिगच्या ३९ फेऱ्या ही निवडीची प्रक्रिया होती. कोट्यवधी जंतूंमध्ये प्राण्याच्या प्रतिकाराला तोंड देऊ शकणारे थोडे बदललेले जंतू आधीपासूनच असत. प्रत्येक फेरीत तेच टिकत आणि पुढच्या प्राण्यात जात. प्रयोगशाळेतील संवर्धनात मात्र उग्रतेची जनुके निरुपयोगी असल्याने ती गमावलेले जंतू मागे पडत नाहीत. उलट काही वेळा अधिक वेगाने वाढतात. पाश्चर यांच्या काळपुळीच्या जंतूंच्या बाबतीत ४२ ते ४३ अंश तापमानात विषाची जनुके असलेले वर्तुळाकार डीएनए, म्हणजे प्लाझ्मिड, नाहीसे होते, हे पुढे स्पष्ट झाले.

प्लेगचा जिवाणू हे या विषयाचे ठळक उदाहरण आहे. तो आतड्यांचा तुलनेने सौम्य आजार घडवणाऱ्या येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस या जिवाणूपासून गेल्या काही हजार वर्षांत उत्क्रांत झाला. त्याला काही नवी जनुके प्लाझ्मिडांवाटे मिळाली, तसेच त्याची काही जुनी जनुके उत्परिवर्तनांनी बंद पडली. पूर्वज जिवाणूचे युरिएज हे विकर (एन्झाइम) पिसवांना विषारी असते. त्याच्याशी संबंधित एका जनुकात एक अक्षर जास्तीचे शिरल्याने ते निष्क्रिय झाले व पिसू जिवंत राहून रोग पसरवू लागली. आणखी काही जनुके बंद पडल्याने जंतूंचा थर पिसवेच्या अन्नमार्गात साचून तो तुंबू लागला आणि भुकेली पिसू वारंवार चावू लागली. पीएलए या प्रथिनातील केवळ एका अमिनो आम्लाच्या बदलाने जंतूंचा शरीरात खोलवर पसरण्याचा वेग वाढला. जनुक गमावल्याने जिवाणू दुबळाच होतो असे नाही, हे यावरून दिसते.

याउलट उदाहरणही प्लेगचेच आहे. मादागास्करमध्ये १९२६ मध्ये मिळालेल्या ईव्ही या वाणाची उग्रता प्रयोगशाळेत कमी झाली. यजमानाच्या शरीरातून लोह मिळवण्याची जनुके असलेला डीएनएचा मोठा तुकडा त्याने गमावला होता, हे नंतर कळले. या वाणापासून जिवंत लस तयार करण्यात आली. उत्परिवर्तनांचा परिणाम लसीवरही होतो. प्लेगच्या जंतूभोवतीचे एफ१ हे आवरण प्रथिन लसीतील महत्त्वाचा घटक असते. परंतु उत्परिवर्तनाने ते न बनवणारे काही वाण प्राण्यांत उग्र राहू शकतात, आणि केवळ एफ१ वर आधारलेली लस त्यांच्याविरुद्ध अपुरी पडू शकते. हाफकिन यांच्या लसीत संपूर्ण जंतू मारून वापरला जात असल्याने जंतू पुन्हा उग्र होण्याचा धोका नव्हता. मात्र तिच्यामुळे ताप व वेदना होत आणि संरक्षण काही महिनेच टिके.

वारसा

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले. उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो, ही पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडलेली गोष्ट याच वास्तूत १९०५ पासून झालेल्या विस्तृत प्रयोगांनी पक्की झाली. १९२५ मध्ये संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९३२ मध्ये साहिब सिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले व त्यांनी प्लेगच्या लसीवरील संशोधन पुढे नेले. लसी आणि सर्पदंशावरील प्रतिविष यांच्या निर्मितीसाठी ही संस्था ओळखली जाऊ लागली; पुढे उत्पादनाचे काम महाराष्ट्र शासनाच्या स्वतंत्र महामंडळाकडे गेले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या शहरात त्यांचे पद गेले, त्याच मुंबईत त्यांचे नाव आजही एका संस्थेला आणि परळच्या त्या जुन्या वास्तूला चिकटून आहे.